बत्तीस पुड्या

हॅलिफॅक्सला रात्री नऊ वाजता
मेव्हिस ओल्डरॉइड कुत्रीला मांडीवर घेते
आणि जिऱ्याची पुडी बांधावी तशी
बट न् बट कागदात बांधते.
बदामाचं तेल, इवलं रबर.
बत्तीस. एक कमी भरली तर पुन्हा मोज.

टपेन्स जांभई देते.
मागच्या पायांत बाळमोजे,
खाजवून वर्षाची मेहनत उपटू नये म्हणून.
ओलं गवत नाही. कुंपणापाशी धावणं नाही.

या शनिवारी परीक्षकाचं बोट
शेपटीपाशी क्षणभर थांबलं,
मग शेजारच्या लाल पेटीकडे गेला.

घरी येऊन मेव्हिसने चहा टाकला नाही.
मागचं दार उघडलं.
चिखलातून, काटक्यांतून फरफटत गेलं
वीतभर निळसर रेशीम,
भुंकत.

स्वतःचे केस ती ज्या कात्रीने कापते
ती शोधली. सापडली.
परत खणात ठेवली.
नऊ वाजत आले होते.