डबल बेल

फाईल जाड झालीय. डिस्चार्ज कार्ड, बिलं, रिपोर्ट
आणि मधेच, कशी आली कोण जाणे,
रेशनकार्डाची झेरॉक्स.
शिवाजीनगरच्या वकीलबाई पानं उलटताना
अंगठा जिभेला लावतात.
"मुदत दोन वर्षांची. तुमचे एकोणीस महिने गेले."
म्हणजे पाच उरले.
कोर्टाची दिवाळीची सुट्टी धरून पाच.

हौसाआत्या पीएमटीत कंडक्टर होती.
गाडी तिच्या आवाजावर चालते, डिझेल नुसतं नावाला,
असं डेपोतले म्हणायचे.
"दापोडी, बोपोडी, खडकी बाजार!
ओ टोपीवाले, पुढं सरका, पुढं काय वाघ बसलाय?"
रिटायर झाल्यावरही तसंच.
चौथ्या मजल्यावरून मेथीचा भाव पाडायची,
भाजीवाला मान वर न करताच कबूल व्हायचा.

गळ्यात गाठ आली. साधी होती, तपासून घेतली.
ऑपरेशननंतर तिनं पाणी मागितलं
तेव्हा नुसती हवा आली,
सायकलच्या ट्यूबमधून सुटते तशी.
डॉक्टर चिटणीस म्हणाले, सूज आहे, उतरेल.
मग म्हणाले, सहा महिने द्या.
मग रिसेप्शनवरची मुलगी म्हणायला लागली,
सर ओटीत आहेत.

कर्वे रोडच्या डॉक्टरांनी कॅमेरा घालून दाखवलं.
स्क्रीनवर एक पडदा हलत होता,
दुसरा गप्प, दाराआड उभ्या माणसासारखा.
"नस दुखावलीय. कापलीही गेली असेल."
लिहून द्याल?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"आम्ही एकाच बॅचचे हो."

भाऊजी म्हणतात, डॉक्टरशी वैर नको,
उद्या आपल्यालाच जावं लागतं.
मीनल म्हणते, सोडायचं नाही, वीस लाख तरी मागा.
वकीलबाईंनी विचारलं, पेन्शन चालू आहे ना?
चालू आहे.
"मग उत्पन्नाचं नुकसान काही दाखवता येणार नाही."
असं त्यांनी लिहून घेतलं,
आणि त्याच ओघात, मान खाली ठेवून,
"संमतीपत्र समजावून सांगितलं होतं का?"

पेन कागदावर थांबलं.

सही माझी आहे.
आठवी ओळ: आवाजात बदल होऊ शकतो,
तात्पुरता अथवा कायमचा.
त्या संध्याकाळी काउंटरपाशी
डॉक्टर काहीतरी सांगत होते खरे,
स्वतःच्याच गळ्यावर बोटानं रेघ ओढत.
मी फोनवर होतो.
टेम्पो डांगे चौकात अडकलेला, माल माझा,
ड्रायव्हर कानात ओरडत होता.
मी मान डोलावली. दोघांनाही.

"आठवून सांगते" म्हणायचं सोडून
"आठवून सांगतो, उद्या" असं म्हणून आलो,
असं आत्याला सांगितलं असतं तर ती हसली असती:
घाबरल्यावर माझी जीभ अशीच अडखळते, लहानपणापासून.
पण हसायला तिला आता वेळ लागतो.
आधी श्वास गोळा करावा लागतो.

नस कापणं वेगळं, मी न ऐकणं वेगळं.
हे मला कळतं.
शपथेवर लिहायच्या कागदात
ते वेगळं कुठल्या रकान्यात टाकतात, ते कळत नाही.

काल रात्री ती जेवत होती. विचारलं,
आत्या, लावायची का केस?
रोजची वही तिनं ओढली नाही.
चमचा उचलला
आणि ताटाच्या काठावर वाजवला. एकदा.
सिंगल बेल. थांबा.
माझा जीव भांड्यात पडला,
पडला हे मला ऐकू आलं,
आणि तेवढ्यात दुसरा ठोका.

डबल. निघा.
बावीस वर्षं तिच्या डबलवर
गाडी हलली नाही असं झालं नाही.

मी तिच्या हातातून चमचा घेतला
आणि एकदाच वाजवला.
ती बघत राहिली.
कुणीतरी उतरायचं राहिलंय
असं वाटलं असेल तिला.
मी फाईल ओढली,
रेशनकार्ड बाजूला केलं,
आठवी ओळ काढली.