गुलाबी झालं की फेकायचं

फ्रिजच्या दारात चांदीच्या कागदात गुंडाळलेली बाटली.
तिच्यावर इश्बेलचं तिरकं अक्षर:
अ‍ॅनिसाल्डिहाइड. खाली तारीख. त्याखाली,
गुलाबी झालं की फेकायचं.

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात,
टे नदीवरचा पूल धुक्यात अर्ध्यावरच संपतो.
मी नवी होते. माझी पट्टी कोरी,
यूव्हीच्या दिव्याखालीही कोरी.
"म्हणजे काहीच झालं नाही," मी म्हटलं.

तिने चिमट्याने पट्टी बुडवली, कडेला टिपली,
आणि हीट गनसमोर धरली,
पापड भाजताना धरतात तितक्या अंतरावर.
आधी वास आला, बडीशेपेचा, जरासा करपलेला.
मग डाग उठले: खाली जांभळा, वर मोरपंखी,
आणि मधे एक, वांग्याच्या देठाजवळ असतो तसा,
त्याला मला अजून नाव सुचलेलं नाही.

"कसला वास येतो?" तिने विचारलं.
खरोखरच विचारलं. तीस वर्षं या ओट्यांवर काढली,
नाक नेमकं कधी गेलं ते तिलाही माहीत नाही.
एका ख्रिसमसला पुडिंग कळलं नाही, एवढंच.

मी शब्द शोधत राहिले.
"इंडियन हॉटेलात," शेवटी म्हटलं,
"बिलाबरोबर वाटीत येते ना, ती."
"म्हणजे बिलाचा वास!"
तेव्हापासून आम्ही त्याला बिलच म्हणायचो.
"बिल आलं का?" ती कॉरिडॉरमधून ओरडायची.
"आलं," मी सांगायचे. "जांभळं."

मार्चमध्ये ती निवृत्त झाली, आर्ब्रोथला गेली, बहिणीकडे.
आता बाटली भरायचं काम माझ्याकडे:
फ्लास्क बर्फात, आम्ल थेंब थेंब, घाई करायची नाही.
दोनदा केलं. बरं जमलं.

जुनी मात्र अजून आहे, मागच्या कप्प्यात,
चांगलीच गुलाबी.
नियम मला ठाऊक आहे, तिच्याच अक्षरात आहे.

आज सगळे गेल्यावर एक पट्टी घेतली,
काहीही न टेकवलेली, खरीच कोरी.
बुडवली. तापवली.
सबंध पट्टी फिकट लाल झाली, काठापासून काठापर्यंत.
डाग एकही नाही. वास तेवढा आला.

बावीस नंबरच्या बसमध्येही तो बाहीला होता.
समोरच्या सीटवरचा पोरगा वळून बघत राहिला,
मग आईला म्हणाला,
हिच्याकडे गोळ्या आहेत.