घरी चल, मग बघतो

निबाल्दो, थांब जरा. फाटक मी लावते, घाई नाही.
तू आत्ता तिला जे म्हणालास ना,
"घरी चल, मग बघतो",
ते वाक्य ती अख्खी वाट दप्तरात घालून नेईल.
सामुद्रधुनीवरून वारा सुटलाय,
तुमची टेकडी चढायला वीस मिनिटं.
सहा वर्षांच्या पोरीला वीस मिनिटांची भीती
म्हणजे केवढी, ते मोजायचं माप
तुझ्या वेल्डिंगच्या दुकानात नाही.

हो, चावली आयेलेन. गास्परच्या कानावर दात उमटलेत,
बर्फ मीच लावला.
पण "का केलंस?" असं विचारू नकोस.
का ते माहीत असतं
तर ती चावली नसती, बोलली असती.

आधी खायला घाल. चार वाजून गेलेत.
पाव, लोणी, कोमट दूध.
निम्मा राग पोटात असतो,
माझा तर अजूनही.
मग बस. समोर नको, समोर पोलीस बसतात.
शेजारी.
तिचा खांदा तुझ्या खांद्याला पोचत नसेल
तर तू खाली सरक.
आणि गप्प राहा.
पुरुषांना ते जमतं म्हणतात,
पण तुमचं गप्प राहणं म्हणजे आतून कडी लावणं.
तसं नको.

यास्ना गेली पुएर्तो नातालेसला, माशांच्या कारखान्यात,
आणि तू पोरीला सांगतोस, "येईल हं लवकर."
लवकर हा कुठला वार?
रविवार तर रविवार म्हण.
कपड्यांच्या दोरीला सात चिमटे लाव,
रोज रात्री एक तिला काढू दे.
रविवारी आली नाही, तर तेही सांग,
आणि ती रडायला लागली की चॉकलेट शोधायला उठू नकोस.
रडणं म्हणजे गळका नळ नव्हे,
पाना घेऊन धावायला.

चावायचं नाही, हे मात्र सांगायचं.
एकदाच. हळू आवाजात. उद्या परत लागलं, तर उद्या परत.
आणि गास्परसाठी तिच्या हातून काहीतरी होऊ दे,
चित्र, सोललेलं संत्रं, काहीही.
मान दाबून म्हणवलेलं सॉरी
दुखऱ्या कानाला ऐकू येत नाही.

वाऱ्याच्या दिवसांत पुन्ता अरेनासच्या चौकात
दोर बांधतात, तू काय मी काय, धरूनच मोठे झालो.
वारा अडवायला नसतात ते.
धरायचं, ओलांडायचं, सोडून द्यायचं.
दोर कुणावर खेकसला नाही कधी, "नीट चाल!" म्हणून.
जाऊ दे. मी शाळेची शिपाईण,
मला उपमा कुठे शोभतात.

बुधवारपर्यंत तू यातलं निम्मं विसरशील.
ओरडशील. दमलेला माणूस ओरडतोच.
मग जरा वेळानं जाऊन सांग तिला,
"मी ओरडलो, ते माझं चुकलं."
तुझ्या बापानं कधी म्हटलं नाही ना?
माझ्याही नाही.
मीही नाही.

माझा रेनान सात वर्षांचा होता.
लाकडाच्या खोपीत कोंडायची मी त्याला,
घड्याळ लावून, अर्धा तास. शिस्त म्हणून.
आधी आतून दार वाजवायचा.
मग वाजवेनासा झाला.
मला वाटलं, सुधारला.
आता अंतोफागास्ताहून दर रविवारी फोन येतो, न चुकता.
"कसा आहेस?"
"बरा आहे, आई."
बायको सोडून गेली तेव्हाही बरा होता.
खाणीत बोट गेलं
तेव्हाही.

जा आता. बघ, भिंतीशी उभी आहे,
बुटाची नाडी सुटलीय, मुद्दाम बांधत नाही.
तू वाकलास की तुझा कान तिच्या तोंडापाशी येईल.
नाही चावणार.
बहुतेक.
नाडी बांधायला वेळ लाव.