तारेखालचं छप्पर

दिवाळी सरेस्तोवर शिडी लावायची नाही
हे इनासने आधीच बजावलेलं.
ओलं शेवाळ म्हणजे साबण, म्हणाला,
आणि माझो एक गुडघो मी पयलोच देवाक दिलंय.

तोवर मी खालूनच बघत राहिले.
भादव्यात छपरावर नुसती पोपटी लव होती,
आश्विनात ती गादीसारखी फुगली,
कौलांच्या जोडात नेच्याची पिल्लं बसली,
पन्हळीशी तेरड्याचा एक तुरासुद्धा.
शेजारची प्रमिला म्हणाली, फोटो काढून ठेव.
दिसत होतं खरं छान.
पण पिठाच्या डब्यावर टप्, टप्,
तांदळाला वास,
आणि वर कुठेतरी भिजून भिजून
एक रीप पावासारखी मऊ झालेली.

कार्तिकातल्या मंगळवारी आला.
पिशवीत उलथनं, चुना, पुडीत मोरचूद
आणि सोडणाचा घट्ट पुंजका.
वायरब्रश नको, कौलाची साल जाते.
कमरेला होडीचा दोर बांधला,
दुसरं टोक माडाला, आणि माडावर माझा एक हात,
उगाच.
विहिरीकडची पन्हळ बोळा घालून बंद केली.
अळवाच्या वाफ्यावर ताडपत्री.

वाळलेलं शेवाळ काळं होतं.
तव्याला धरलेल्या आंबोळीसारखं
खरवडून निघतं, पापुद्रा पापुद्रा.
तासाभराने वरून हाक:
"गो बाय, हंय येवन बघ."

सातव्या पायरीवर उभी राहिले.
डावीकडचं छप्पर काळंकुट्ट,
उजवीकडचं लाल.
कोणी घासलं नव्हतं ते, इनासचा हातही लागला नव्हता.
मधे सरळ हद्द, मोजणीदाराने आखावी तशी.
आणि आढ्यावर, बरोब्बर हद्दीपर्यंत,
तुटून लोंबणारी एक हिरवट तार.

"तांब्याचा पाणी जंयसून व्हावता
थंय ह्या धरणा नाय."

गुणाजीची तार.
माझ्या भावाने रेडिओसाठी दोन बांबूंमध्ये ताणलेली.
संध्याकाळी समुद्राची बातमी लागली
की अंगणात सात-आठ खलाशी, कोणी विडीसुद्धा ओढत नसे.
किनाऱ्यालगत वारे ताशी अमुक.
गुणाजी रेडिओ बंद करून एवढंच म्हणायचा,
उद्या नाय.
पुढे बातमी प्रत्येकाच्या खिशात आली.
रेडिओ गेला, तार राहिली,
एका वादळात अर्धी तुटली, माझ्या लक्षातही आलं नाही.
लक्षात ठेवलं ते छपराने.

रात्री देवगडला फोन लावला, तो लेकीकडे असतो.
कानाचं यंत्र कपाटात असतं.
"तुझी तार अजून आहे रे!"
"सार?"
"तार! तांब्याची, छपरावरची!"
"कोकमाचा सार? कोणी केल्यान?"
मी म्हटलं, मीच केलंय, ये जेवायला.

मे महिन्यात पंपाची मोटर जळाली होती,
तिचं वेटोळं भंगारवाल्यासाठी गोणात ठेवलेलं.
इनासने ते चुलीत भाजून वरचं रोगण काढलं,
तीन पदर पिळले
आणि आढ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले.
अकरा कौलं फुटली, रीप नवी घातली,
हिशेब झाला, चहा झाला.
उपयोग होईल का, विचारलं.
"श्रावणात सांगतलंय."

जाताना त्याने खरवडलेला ढीग गोणात भरला.
घाण कशाला नेतोस?
"नाताळाक गोठो करूचो आसा. डोंगराक व्हया."

पंचवीसला वेंगुर्ल्याला गेले, केळ्यांचा घड घेऊन.
खोक्यांचा डोंगर, वर माझं छप्पर.
त्याच्या नातीने फवारा मारमारून
काळ्याचं पुन्हा पोपटी केलेलं, सगळं, एकूण एक.
मेंढरं चरत होती पिठाच्या डब्याच्या वर कुठेतरी.
दोन राजे ताठ उभे,
तिसरा गोठ्याआधीच आडवा.
मी त्याला उचलून ठेवला. परत घसरला.

"ओला आसा," इनास गुडघा चोळत म्हणाला,
"आठ दिस थांब."