खाटेएवढी वाट

अडतिसाव्या दिवशी कप्तानसाहेबांनी मला आत बोलावलं.
आमच्याकडे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला कप्तानच म्हणतात,
जहाज नसलं तरी.
ग्वाल्हेरात धुकं असं होतं की
दोन दिवस किल्ला कुणाला दिसला नव्हता.
आहे असं धरून सगळे आपापल्या कामाला जात होते.

मी भालचंद्र टेंबे, स्टेनो.
घरी मराठी, कचेरीत हिंदी;
बोटांना दोन्हींचं काही नाही.
अकरा कप्तान टाइप केले मी.

शिवपुरी रस्त्यावर खाणीतली माणसं बसली होती,
फरश्या आडव्या टाकून, ट्रकांच्या तोंडाशी.
मागणी एका कागदाची:
डॉक्टरनं लिहावं की हा क्षय नाही,
ही धूळ आहे. खाणीतली. मालकाची.
एवढा एक शब्द बदलायला
अडतीस रात्री, आणि थंडी चंबळची,
जी विचारून येत नाही आणि सांगून जात नाही.

फरश्यांच्या मधून त्यांनी एक वाट ठेवली होती,
खाटेएवढी.
कस्तूरी म्हणून एक बाई होती पुढे,
तिला साहेबांनी विचारलं, ही कशाला?
ती म्हणाली, आमचीच माणसं जातात की दवाखान्यात,
पूर्ण बंद करून कसं चालेल?
साहेबांनी ती वाट पावलांनी मोजली.
एकदा जाताना, एकदा येताना.
ड्रायव्हरनं मला सांगितलं हे.

हेही सांगून टाकतो:
बाराव्या दिवशी लाठी त्यांच्याच हुकमानं चालली होती.
एका म्हाताऱ्याचा चष्मा फुटला, आणि चष्म्यामागचं बरंच काही.
तो हुकूमही मीच टाइप केला.
शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

वरून फोन येत होते. सकाळपर्यंत रस्ता मोकळा करा.
साहेबांनी खिडकी लावली, उघडली,
मग सांगायला सुरुवात केली, हिंदीत.
'निजी कारणों से' हे शब्द
त्यांनी उच्चारण्याआधीच माझ्या बोटांनी उमटवले.
राजीनामा तसाच तर सुरू होतो.

ते थांबले.
मग मराठीत बोलले, पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा:
'टेंबे, ते खोडा. यात खाजगी काय आहे?'
मला तोवर ठाऊकच नव्हतं
की हा माणूस आपल्या भाषेत रागावू शकतो.

मग चारच ओळी.
रस्ता बंद नाही, मी स्वतः चालून पाहिला आहे.
रुंदी साडेतीन फूट.
तो याहून मोकळा करायचा तर माणसं तुडवावी लागतील.
ते एकदा केलं आहे, पुन्हा करणार नाही.
सही करताना शाई संपली.
माझं पेन घेतलं. परत द्यायचं राहून गेलं.

संध्याकाळी कागद परत आला,
चारही ओळींभोवती लाल गोल.
बडे बाबू म्हणाले, टेंबे, नमुन्यात बसवून आणा.
मी नवा कागद घेऊन बंगल्यावर गेलो.
साहेब पेटीत पुस्तकं भरत होते, एकेक पुसून.
कागद वाचला, उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर पेटीचं सामान लिहिलं,
आणि मला चहा विचारला.

वर्तमानपत्रात सकाळी आलंच:
निजी कारण.

चाळिसाव्या दिवशी नवे कप्तान आले.
टेबलावरची काच पुसून घेतली, नकाशा मागवला.
रस्ता पूर्ण बंद आहे ना, त्यांनी खोलीला विचारलं.
खोलीत आम्ही सात जण होतो.
लाल गोलवाली प्रत माझ्या खणात होती,
गजकच्या रिकाम्या डब्याखाली.
बडे बाबू म्हणाले, जी, पूर्ण.

मला माप माहीत होतं.
प्रश्न मला नव्हता.
'लिहा,' ते म्हणाले,
आणि बोटं जागेवर जाऊन बसली.