वळचण धरून

सणबूरच्या शाळेचा जुना हॉल.
कौलं उतरवून पंधरा दिवस झालेले,
वाशांमधून आभाळ थेट बाकांवर.
हेडमास्तर म्हणाले, गणित तुमच्याकडं,
तर कौलांचा अंदाजही तुम्हीच काढा.

काढला. रात्री बसून, लाल शाईनं.
लांबी चाळीस फूट, रुंदी चोवीस,
भिंतीच्या माथ्यापासून आढं सहा फूट वर.
पायथागोरसला हाक मारली,
तो उतार देऊन गेला, तेरा पॉइंट चार.
दोन्ही पाखी मिळून दहा पॉइंट बहात्तर ब्रास,
ब्रासला दीडशे कौलं,
एक हजार सहाशे आठ.
उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

तातोबा सुतारानं कागद आधी उलटा धरला,
मग सुलटा,
मग घडी घालून कानावरच्या पेन्सिलीला गुंडाळला.
"गुरुजी, ह्यात वळचण कुठाय?"

मी गप्प.

तो शिडीनं वर गेला. आढ्यापासून सुतळी सोडली,
वाशावरून खाली, भिंतीवरून बाहेर,
आणि भिंतीच्या पुढं दोन फूट
नुसत्या हवेत दोन बोटांनी धरून थांबला.
"हितवर. छप्पर भितीपाशी संपत न्हाई."

मी खाली बघितलं, त्याच्या बोटांच्या बरोबर खाली.
खिचडी शिजवणाऱ्या हौसाबाईचा जळणाचा भारा.
पोस्टमनची सायकल.
बोलतो म्हणून मीच वर्गाबाहेर काढलेला
दुसरीतला किसन, पाय हलवत बसलेला.
ह्यांच्यापैकी कुणीच माझ्या क्षेत्रफळात नव्हतं.

दोन्ही टोकांना फूटफूट धरून लांबी झाली बेचाळीस,
उतार साडेपंधरा. तेरा ब्रास.
"एकोणीसशे पन्नास," तातोबा म्हणाला. कागद मागितला नाही.
"अन् वर दीडशे."
दीडशे कशाला?
"तळमावल्याच्या पुढच्या खड्ड्यांना साठ.
आमच्या पोरांच्या हातनं सुटणारी तीस.
वानरांना चाळीस, ती काय सांगून येत न्हाईत."
आणि राहिली वीस?
त्यानं तंबाखू मळली. मळतच राहिला.
"ती असूंद्यात."

आढ्याची कोनं निराळी, छत्तीस.
काचेची कौलं मी दोन म्हणालो,
हौसाबाई आतून ओरडली, तीन,
मला डाळीतलं खडं दिसत न्हाईत.
तीन लिहिली.

ट्रक आला शुक्रवारी, कराडहून.
सातवीच्या पोरांनी ओळ लावून कौलं उतरवली,
हातातून हातात, हातातून हातात,
मी दारात उभा राहून मोजत.
फुटकी निघाली एकसष्ट.
तातोबा त्या एका जास्तीच्या तुकड्याकडं
असा बघत राहिला
की जणू ड्रायव्हरनं त्याचा अपमान केलाय.

बावीस वर्षं झाली.
तातोबा गेला. किसन कराडात टेम्पो चालवतो.
ती वीस कौलं पाण्याच्या टाकीमागं रचलेली होती,
शेवाळून हिरवी. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी वर चढतं,
ह्या रचलेल्यातलं एक घेऊन.
आज सकाळी मोजली. चार.

नवे हेडमास्तर पत्रा घालायचं म्हणतायत.
पत्र्याचा हिशोब सोपा,
दुकानदार फोनवरच सांगतो, लांबी-रुंदी द्या फक्त.
त्यांनी मलाच विचारलं, अजून गणित माझ्याकडं आहे म्हणून.

मी सुतळी आणली.
शिडीवर गुडघा कुरकुरला.
आढ्यापासून वाशावरून खाली सोडत आलो,
भिंत आली, भिंतीवरून बाहेर,
आणि मग हात लांब करून
हवेत एक जागा शोधत राहिलो.

खालून कुणीतरी विचारलं,
गुरुजी, पडला का हिशोब?
अजून थोडं पुढं, मी म्हणालो.
तू जरा उजवीकडं सरक,
म्हणजे कळंल कुठवर यायचं ते.