खिशातले हात

पत्र आलं तेव्हा मी लेथवर होतो.
हात तेलाचे, म्हणून चव्हाणकेनं वाचून दाखवलं:
एक तारखेपासून आपण ‘सीनियर मेंटर’.
सगळे हसले. मीही हसलो.
पगारात साडेअठराशेची वाढ
आणि मशीनला हात लावायचा नाही.

घरी बायकोनं विचारलं, म्हणजे करायचं काय नेमकं?
म्हटलं, उभं राहायचं.

एकतीस वर्षं अंबडच्या या शेडमध्ये
लोखंडाशी भरपूर बोललो, माणसांशी कामापुरतं.
मागच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो
हे मला त्या आठवड्यात कळलं.

सकाळच्या पाळीला सहा जण.
आयटीआयचा कागद कोरा करकरीत, बूट पायाला चावणारे.
त्यात वैजयंती भोये, पेठच्याही पलीकडच्या पाड्यावरची,
मायक्रोमीटर धरते तो कोंबडीखालून काढलेल्या
गरम अंड्यासारखा.

कामाची यादी भिंतीवर लावून दिली आहे:
हजेरी, गॉगल, दर शुक्रवारी प्रगतिपत्रक,
‘शिकण्याची वृत्ती’ या रकान्यात पाचपैकी गुण.
कोण पपया नर्सरीपासून चालत येतं
महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात,
कोणाच्या डब्यात नुसता ठेचा असतो
आणि तो पाठ करून का खातो,
हे यादीत नाही.
तिथे गुण कोणी कोणाला द्यायचे?

मला शिकवलं लतीफभाईंनी.
चुकलं की मानेवर टप्पल,
बरोबर आलं की काहीच नाही.
त्या ‘काहीच नाही’साठी मी जीव टाकायचो.
ते मात्र कधी खिशात हात घालून उभे राहिले नाहीत.
ते ढकलायचे बाजूला आणि स्वतः करायचे,
आम्ही त्यांच्या पाठीकडे बघत शिकलो.

मंगळवारी वैजयंती शाफ्टवर शेवटचा हात फिरवत होती.
टूलचा सूर बदलला.
मला आधी कळलं. तीन सेकंद, फार तर चार.
माझा उजवा हात निघालाच होता.
खिशात किल्ल्या होत्या, त्या मुठीत आवळल्या,
दात उमटावेत तशा उमटल्या तळव्यावर.
तिनं मशीन बंद केलं तोवर
चार शतांश गेलं होतं. चार शतांश म्हणजे सगळं.

ती माझ्याकडे बघत होती. मानेवर टप्पल येईल
असं तिनं गृहीत धरलेलं मला दिसलं.
विचारलं, काय ऐकू आलं?
बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
आधी गात होतं.
मग दात खायला लागलं.

हे कळायला मला अकरा वर्षं लागली होती.

भंगाराच्या फॉर्मवर ‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना
एकाच नावाच्या मापाचा आहे.
मी अक्षर बारीक काढलं. दोन बसली.

सोपान चाकणला गेला, तीन हजार जास्त मिळतात म्हणून.
वरून विचारणा झाली: मुलं टिकत का नाहीत, मेंटर म्हणून आपलं मत?
मत काय असणार! मी त्याच्या जागी गेलो असतो.
महिन्यानं त्याचा फोटो आला मोबाइलवर.
चेहरा नाही, फक्त डायल आणि काटा,
खाली लिहिलेलं: चोवीस पॉइंट नऊशे अठ्ठ्याण्णव.
‘ठीक’ एवढंच उत्तर टाकलं
आणि चहाच्या सुट्टीभर जिन्यावर बसून राहिलो.

रविवारी ओट्यापाशी उभा होतो तसाच.
बायको म्हणाली, इथे काय मेंटरगिरी चाललीय,
कांदा चिरा.

नखांतली काळी रेघ गेली आता.
सातपूरच्या बसमध्ये दांडी धरतो
तेव्हा कोणा बँकवाल्याचे वाटतात हात.
जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली
की माझ्या जुन्या लेथच्या डोक्यावर तळवा टेकवतो.
नियमात बसत नाही ते.
गरम असतं अजून.